फॉरेनचा कप्पा

बाबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या डाकेनं, दिल्लीहून मला मुलाखतीचं पत्र आलं. दारात बसलेली माणसं बघून पोस्टमन रस्त्यावरच थांबला. बाबांच्या धाकट्या भावानं, लहानूकाकांनी, पुढे होऊन पाकीट घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात न देता खिडकीत, बाबांच्या चष्म्याशेजारी ठेवून दिलं.

ते मी चार दिवसांनी उघडलं. दोन जुलैला मुलाखत होती. विषय आंतरराष्ट्रीय अभ्यास, दोन वर्षांचं एम. ए. येताना एक पान लिहून आणायचं होतं. हा विषय म्हणजे तुमच्या समजुतीप्रमाणे काय, आणि तो तुम्हाला का शिकायचा आहे. दुसराही एक कागद घरात येऊन पडला होता. बाबा नोकरीत असताना वारले, म्हणून घरातल्या एका माणसाला रेल्वेच्या डाकसेवेत घेतील, असं त्यांच्या ऑफिसातून कळलं होतं. तो फॉर्म काका स्वतः जाऊन घेऊन आले. त्याची शेवटची तारीख तीस जून.

घरातली माणसं म्हणजे आई आणि मी. आई शाळेत न गेलेली, मी बी. ए. फॉर्मवर नाव कोणाचं लिहायचं, याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

१९७३चा जून. नागपूरच्या इंदोरा वस्तीतलं आमचं दोन खोल्यांचं घर, वर पत्रा. दुपारी आत बसवत नसे आणि बाहेर जावं तर कामठी रोडचं डांबर चपलेला चिकटे. तरी मी जात होते. कडबी चौकापर्यंत जायचं, परत यायचं. घरी आलं की पुस्तक उघडायचं, दोन ओळी वाचून मिटायचं. माठ भरलेला असताना भरायचा. आई एकदा म्हणाली, "बस वं पोरी एका जागी. पायाले भोवरा लागला का तुह्या?" मी बसले. पाच मिनिटांनी उठले.

त्या एका पानावर मी सात-आठ वेळा सुरुवात केली. मला माहितीपत्रकातलं सगळं पाठ होतं. राजनैतिक इतिहास, आंतरराष्ट्रीय कायदा, आंतरराष्ट्रीय संघटना, अर्थव्यवहार, एका प्रदेशाचा सखोल अभ्यास आणि एक परकी भाषा. हे सगळं मी नीट ओळीनं लिहायची, आणि वाचून पाहिलं की ते माहितीपत्रकच असायचं. त्यात मी कुठेच नसायची. आणि 'तुमच्या समजुतीप्रमाणे' या शब्दांवर आले की मला एप्रिलमधलं ते जेवण आठवायचं.

*

बाबा, देवाजी गजभिये, रेल्वेच्या डाकडब्यात सॉर्टर होते. नागपूर ते इटारसी, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी परत. धावत्या गाडीत उभं राहून थैल्या फोडायच्या आणि एकेक पत्र भिंतीवरच्या कप्प्यांत टाकायचं. गाडी वळली की ते कमरेतून किंचित झुकत, पण हात थांबत नसे. हे मी पाहिलेलं नाही, ताराचंदकाकांनी सांगितलेलं आहे. ते बाबांच्याच डब्यात होते.

बाबा आधी थैले उचलणारे होते. मी सहा वर्षांची असताना त्यांनी सॉर्टरची परीक्षा दिली. ती परीक्षा कार्डांवर होई. प्रत्येक कार्डावर एका डाकघराचं नाव, आणि ते ठरलेल्या वेळात बरोबर कप्प्यात पडलं पाहिजे. बाबांनी सिगारेटच्या पाकिटांची कार्डं कापली, भिंतीला खोक्यांचे कप्पे मांडले, आणि आईनं एकेक कार्ड त्यांच्या हातात द्यायचं. पारशिवनी, काटोल, सावनेर, बुटीबोरी. आईला तेव्हा वाचता येत नव्हतं. पण बाबांनी कार्ड चुकीच्या कप्प्यात टाकलं तर ते सांगायला कोणीतरी हवं होतं, म्हणून ती नावं ओळखायला शिकली. आमच्या घरात बाराखडीच्या आधी गावं आली.

नागपूरच्या डब्यात परदेशाला एकच कप्पा होता. लंडन असो, रंगून असो, सगळ्याचं एक बंडल बांधायचं आणि वर मुंबईची चिठ्ठी लावायची. पुढचं मुंबईवाले पाहत. त्यामुळे मी हा विषय घेते म्हटल्यावर बाबांचा जो समज झाला, तो दुसऱ्या कोणाच्या वडिलांचा झाला नसता. त्यांनी वस्तीभर सांगून टाकलं, "माही पोरगी फॉरेनचं सॉर्टिंग शिकायले चालली."

मला मैत्रिणींसमोर मान खाली घालावी लागली. त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "बाबा, ते डाकेचं नाही. देशादेशांच्या संबंधांचं आहे."

"संबंध म्हंजे? सोयरीक?"

आई हसली. मला हसू आलं नाही.

"आपन सारं बंबईले बांधून देतो," बाबा म्हणाले. "तिथून पुढं काय होते, कोनाले मालूम? ते शिकवत असतील तुमाले. बंबईच्या पुढचं."

"नाही बाबा."

"बरं, मंग मले एक सांग." त्यांनी घास ताटातच ठेवला. "एकाहत्तरच्या लढाईत कराचीच्या चिठ्ठ्या परत आल्या. सेवा बंद, म्हने. आता लढाई सरून दीड वर्ष झालं, तरी बंदच आहे. हे बंद करते कोन? आन उघडते कोन? तुह्या पुस्तकात असन ना हे?"

"ते पोस्टाचं काम आहे," मी म्हटलं. "हा विषय वेगळा आहे. तुमाले नाही समजत ते."

बाबांनी हात धुतला. "बरं," म्हणाले. त्यानंतर दोन महिने त्यांनी त्या विषयाचं नाव काढलं नाही. अर्जाच्या पाकिटावर तिकीट मात्र त्यांनीच लावलं, कोपरा अगदी सरळ धरून.

*

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, भन्तेजी गेले, पाहुणे पांगले, तसे लहानूकाका मोकळेपणानं बोलू लागले. ते गिरणीत होते आणि पाळी बदलली की थेट आमच्याकडे येत.

"जया, तू काहून समजून नाही राहिली वं? सरकारी नौकरी दारात येऊन उभी आहे. लोकं पाया पडतात तिच्या."

"मी नाही म्हटलं नाही, काका."

"हो बी नाही म्हनली. काय आहे तिथं दिल्लीत? काय शिकवतात?"

मी सांगितलं. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, भाषा.

"म्हंजे साऱ्याचं थोडं थोडं," काका म्हणाले. "चिवडाच झाला की तो!"

"अन् एक बी धड नाही," आई आतून म्हणाली.

काका वाईट माणूस नव्हते. बाबांना खांदा देऊन आल्यावर तीन दिवस त्यांना घास गिळता आला नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आईला एकटी टाकून दोन वर्षं दिल्लीला जायचं, ते कशासाठी, हे मी एका वाक्यात सांगावं. मला एका पानात सांगता येत नव्हतं.

अठ्ठावीस तारखेला मी ठरवलं की फॉर्म भरायचा. वर नाव लिहिलं, 'जया देवाजी गजभिये'. 'मृताशी नाते' या रकान्यात 'मुलगी' लिहिलं. मृत हा शब्द छापील होता. मी पेन खाली ठेवला आणि पुन्हा चौकापर्यंत जाऊन आले.

परत आले तर ताराचंदकाका दारात उभे होते. डोक्यावर रुमाल, सायकलच्या कॅरिअरला बाबांची ड्यूटीची पेटी बांधलेली. हिरवी पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव.

"जयभीम, वहिनी. साहेबानं यादी केल्याबिगर सोडली नाही पेटी. म्हनून टाइम लागला."

आईनं पाणी दिलं. ते प्यायले आणि गडवा हातात फिरवत बसले.

"तुले एक सांगायचं होतं, जया. त्या दिवशी इतके लोक होते, कसं सांगू? तुह्यं ते दिल्लीचं पत्र आलं ना?"

"हो."

"ते देवाजीच्याच हातून गेलं."

त्यांनी सावकाश सांगितलं. एकोणीस तारखेला इटारसीहून परत येताना बाबांनी दिल्लीची थैली फोडली. एका बंडलात ते पाकीट होतं. बाबांनी ते उजेडाकडे धरून नाव दोनदा वाचलं.

"मले म्हने, देख गा ताराचंद, पोरीचं आलं. मी म्हटलं, टाक खिशात, चार घंट्यात घरीच तं चाललास. तर असं पाहिलं माह्याकडं, जसं मी चोरी करायले सांगितलं. म्हने, पत्त्यावर घर लिहिलं आहे, माहा खिसा नाही लिहिला. अन् टाकलं नागपूरच्या कप्प्यात. म्हने, उद्या डाकेनं येईन. तिच्याच तोंडून ऐकतो."

त्या दुपारी नागपूरला थैल्या सोपवून झाल्यावर बाबा बाकावर बसले, छाती जळजळते म्हणाले, आणि संध्याकाळच्या आत सगळं संपलं. एवढं आम्हाला माहीत होतं.

"तवा त्याले मालूम होतं," ताराचंदकाका म्हणाले. "बस, एवढंच."

मी उठून गडवा आत नेऊन ठेवला, आणि पुन्हा बाहेर आणून ठेवला.

*

पेटी आईनं दुसऱ्या दिवशी दुपारी उघडली. टॉवेल, डबा, हिशेबानं गुंडाळलेली सुतळी, लाखेचे तुकडे, चष्म्याची जुनी दांडी. तळाशी कार्डं होती. सिगारेटच्या पाकिटांची, सारख्या मापाची, बंडलं करून सुतळीनं बांधलेली. मला वाटलं, परीक्षेची जुनीच असतील.

आईनं पहिलं बंडल हातात घेतलं. वर चिठ्ठी होती, डाकेत असते तशी. ती बोट ठेवून वाचू लागली. "बंबई." ते खोडलं होतं. खाली लिहिलं होतं, 'सीधे जाते'.

"हे नवे आहेत," आई म्हणाली. "जुन्यावर गावं होती. हे काय लिहिलं? इंग्लंड. जपान. सिलोन."

दुसऱ्या बंडलावर 'फेऱ्याने जाते'. तिसऱ्यावर 'दोन नावाचे'. चौथ्यावर 'बंद'. पाचवं सगळ्यात जाड होतं आणि त्याच्यावर 'माहीत नाही' असं होतं.

मी सुतळ्या सोडल्या. प्रत्येक कार्डाच्या पाठीमागे बाबांच्या बारीक अक्षरात काही ना काही होतं, वेगवेगळ्या शाईत, मधल्या दोन महिन्यांत जमेल तसं लिहिलेलं. काही रेडिओवर ऐकलेलं, काही पेपरातलं, काही मुंबईच्या डाकेतल्या कोणाला विचारलेलं. 'जर्मनी. दोन आहेत. पत्त्यात नुसतं जर्मनी असेल तर कोणती?' 'गोवा. ६१ पर्यंत फॉरेन. मग आपला. गाव तेच, घर तेच.' 'सिक्कीम. फॉरेन नाही, आपला पण नाही. कप्पा आपलाच.' 'बांगलादेश. आधी पूर्व पाकिस्तान. जुन्या नावानं चिठ्ठी आली तर पोचवावी का परत करावी? नाव बदललं हे कोण ठरवते, तिथले लोक का बाकीचे देश?'

'बंद'च्या बंडलात थोडीच कार्डं होती. सगळ्यात वर पाकिस्तान. मागे लिहिलं होतं, 'मोमिनपुऱ्याची म्हातारी बाई. बहीण कराचीत. दर महिन्याला एक कार्ड टाके. डिसेंबर ७१ चं कार्ड शिक्का मारून परत. स्टेशनच्या खिडकीवर येऊन मला विचारलं, बाबूजी, ये किसने बंद किया? मी सांगू शकलो नाही. जयाला विचारलं.'

त्याच्यापुढे काही नव्हतं.

"काय लिहिलं?" आईनं विचारलं. जोडाक्षरांपाशी ती अडे.

मी वाचून दाखवलं. शेवटचे दोन शब्दही वाचले.

आईनं कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि बाबांना द्यायची तसं, दोन बोटांत धरून माझ्यापुढे केलं. "मंग सांग. कोनं बंद केलं?"

मी सांगायला लागले. आधी अडखळत. लढाई सुरू झाली की सरकारं एकमेकांचे रस्ते तोडतात. लढाई संपली तरी रस्ता आपोआप उघडत नाही, दोघांनी बसून कागदावर सही करावी लागते, आणि सही करायची तर आधी कैद्यांचं काय, जमिनीचं काय, हे सुटावं लागतं. म्हणून त्या बाईचं कार्ड हे कैद्यांच्या मागे उभं आहे, रांगेत. जगातल्या डाकखात्यांचा मिळून एक करार आहे, जवळजवळ शंभर वर्षांचा. एकमेकांचं तोंड न पाहणारे देशही तो पाळतात. का पाळतात, त्यात कोणाचा फायदा, मोडला तर शिक्षा कोण करणार? आणि देश नवा झाला, हे कधी धरायचं? झेंडा लावला तेव्हा, की दुसऱ्यांनी त्याची चिठ्ठी घेतली तेव्हा?

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी माहितीपत्रक बोलते आहे. इतिहास, कायदा, संघटना, अर्थव्यवहार. तेच सगळं, पण ते त्या एका कार्डाला चिकटून येत होतं. आणि शेवटी मला म्हणावं लागलं, "पन एवढ्यानं तिले उत्तर भेटत नाही, आई. नेमकं कोनी, ते मले बी सांगता येत नाही. बंबईच्या पुढचं मले मालूम नाही."

"हेच शिकवतात तिथं?"

"हेच."

"मंग त्याइले समजलं होतं." आईनं कार्ड बंडलावर परत ठेवलं, कडा जुळवल्या. "तू त्याइले तवा काहून नाही म्हनली?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याचं उत्तर मला आजही धड देता येत नाही. मला वाटत होतं की विषय पुस्तकात असतो आणि तो समजायला पुस्तकाकडे चालत जावं लागतं. तो आपल्या ताटासमोर, घास खाली ठेवून बसलेला असेल, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

काका आले तेव्हा फॉर्म आईच्या मांडीवर होता.

"हे नाव खोड," ती मला म्हणाली. "माहं लिही."

"वहिनी!" काका उभेच राहिले. "तुले सॉर्टर कोन बनवन?"

"नको बनवू दे. थैले उचलीन."

"थैले? तू?"

"लहानू, संत्रा मार्केटात मी पेट्या उचलत होती, तवा तू शाळेत जात होता. तवा नाही म्हनला, वहिनी तू?"

काका खाली बसले. "पन एकटी राहशीन इथं?"

"तू येतच तं राहते रोज चहा पियाले."

काकांना हसावं की चिडावं कळेना. मग ते म्हणाले, "खाडाखोड चालत नाही सरकारी कागदावर. मी दुसरा फॉर्म आनतो." आणि सायकल काढून उन्हातच गेले.

त्या संध्याकाळी नव्या फॉर्मवर आईनं आपलं नाव स्वतः लिहिलं. तुळसाबाई देवाजी गजभिये. 'गजभिये' पूर्ण व्हायला बराच वेळ लागला. मी तिच्या हाताला हात लावला नाही. दिवा लागायच्या आत मी माझंही पान लिहिलं. पहिलं वाक्य होतं, 'नागपूरहून कराचीला जाणारं कार्ड दीड वर्षं बंद आहे, आणि ते कोणी बंद केलं हे मला माहीत नाही.' पुढचं फार चांगलं झालं नाही. पण ते मीच लिहिलेलं होतं.

*

तीस तारखेला सकाळी मी दिल्लीच्या गाडीत बसले. सामानात एक वळकटी, एक ट्रंक आणि ती पाच बंडलं. आई स्टेशनवर आली नाही. तिला काकांबरोबर फॉर्म द्यायला जायचं होतं.

इटारसीला गाडी बराच वेळ थांबते. मी उतरले आणि डाकडब्यापर्यंत चालत गेले. दार उघडं होतं. आत दिव्याखाली कप्पेच कप्पे, छतापर्यंत. बाबा ज्या जागी उभे राहत ती कोणती असेल, याचा अंदाज करत मी उभी राहिले. ताराचंदकाका थैल्या उतरवून देत होते.

"काय वं, काही पाहिजे?"

मी गाडीतच आईला एक कार्ड लिहिलं होतं. इटारसीपर्यंत नीट आले, एवढंच. दिल्लीला काय होईल, मला घेतील का, आईचा फॉर्म मंजूर होईल का, यातलं काहीच मला तेव्हा माहीत नव्हतं. "हे आईले द्यान का, काका? उद्या तुम्ही जाताच."

त्यांनी कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. डब्याच्या बाहेरच्या बाजूला पत्र टाकायची फट होती. त्यांनी मानेनंच तिकडे दाखवलं.

"गाडीत टाकायचं तं जादा तिकीट लाव, लेट फीचं. तिथं टाक."

मी तिकीट लावलं, कोपरा सरळ धरून, आणि कार्ड फटीत सोडलं. आत ते कशावर तरी पडल्याचा बारीक आवाज झाला. इटारसीला उतरणाऱ्या थैलीतून उद्या परतीच्या गाडीत ते नागपूरच्या कप्प्यात जाणार होतं, परवा इंदोऱ्याच्या पोस्टमनच्या झोळीत, आणि तेव्हा कुठे आईच्या हातात. ती बोट ठेवून वाचणार होती.

गाडीनं शिटी दिली. मी माझ्या डब्यात चढले, पण जागेवर जाऊन बसावंसं वाटेना. भोपाळ येईपर्यंत मी दारातच उभी होते.